पूर्ण उतरवून मग चार्जिंग? प्लेयरच्या बॅटरीचं खरं गणित

आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आली, की सातारा जिल्ह्यात रस्त्याकडेला मांडव लागतात. चहाचे, औषधांचे, आणि अलीकडे हमखास दिसणारे चार्जिंगचे. बाकड्यावर एकाला एक जोडलेले बोर्ड, त्यांत गच्च खुपसलेले चार्जर, आणि फोनांच्या गर्दीत गळ्यात अडकवायचे छोटे भजनाचे प्लेयर. तिथं पाच मिनिटं उभं राहिलं तरी दोन सल्ले कानावर पडतात. एक म्हणतो, "बाबा, अर्धी बॅटरी असताना लावू नका, खराब होते. पूर्ण उतरू द्या." दुसरा म्हणतो, "मिळेल तिथं लावून घ्या, पुढच्या मुक्कामाला लाईट असेल-नसेल." यातलं दुसऱ्याचं बरोबर आहे. पहिल्याचंही एके काळी बरोबर होतं, पण ते वेगळ्या बॅटरीसाठी.

हा गोंधळ वारीपुरता नाही. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या बेदाण्याच्या शेडवर तारेला लटकवलेला स्पीकर असो, रात्रीची लाईट म्हणून मोटरीवर जाणाऱ्याच्या खिशातला प्लेयर असो, की नातवानं आजीला आणून दिलेला जुन्या गाण्यांचा डबा. बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते आणि प्रत्येक जण दोष वेगळ्याच गोष्टीला देतो.

## जुना नियम आला कुठून?

रेडिओ सेलवर चालायचे तेव्हाची एक सवय अनेकांना आठवत असेल. सेल उतरले, की काढून उन्हात ठेवायचे. त्याला अर्थ होता. जस्त-कार्बनच्या त्या सेलमधली रासायनिक क्रिया उष्णतेनं थोडी जोर धरायची आणि संध्याकाळच्या बातम्या ऐकण्यापुरता जीव परत यायचा. सेल फेकायचाच होता, त्यामुळे उन्हानं नुकसान होण्याचा प्रश्नच नव्हता.

मग पुन्हा पुन्हा भरता येणारे निकेल-कॅडमियमचे सेल आले. वॉकमनमध्ये, कॉर्डलेस फोनमध्ये, दाढीच्या मशीनमध्ये तेच असायचे. त्यांना एक खोड होती. रोज ठरावीक अर्ध्यावर आणून पुन्हा भरत राहिलं, तर आतले स्फटिक मोठे व्हायचे आणि पुढं त्याच अर्ध्या टप्प्यावर सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ढासळायचा. उपकरणाला वाटायचं, बॅटरी संपली. याला मेमरी इफेक्ट म्हणत. त्यावर उपाय म्हणजे मधूनमधून सेल पूर्ण उतरवणं. "पूर्ण संपू दे, मग लाव" हा नियम तिथला. "नवीन घेतल्यावर आधी आठ तास लावून ठेवा" हाही तिथलाच, कारण ते सेल भरणारे साधे चार्जर फार सावकाश चालायचे.

आज दुकानात मिळणारे रिचार्जेबल पेन्सिल सेल बहुतेक निकेल-मेटल हायड्राइडचे असतात. त्यांच्यात ही खोड नावापुरती उरली आहे. तुमचा रेडिओ अशा सेलवर चालत असेल, तर कधीतरी ते पूर्ण उतरले म्हणून काही बिघडत नाही.

बाकी सगळं, म्हणजे भजनाचा प्लेयर, ब्लूटूथ स्पीकर, कानातले इअरबड्स, हे लिथियम-आयन बॅटरीवर चालतं. ही बॅटरी सोनी कंपनीनं १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. हिला मेमरी इफेक्टची बाधा म्हणावी अशी नाही. उलट, पूर्ण उतरवणं हेच हिला सोसत नाही.

## आत काय चालतं?

बॅटरीत दोन थर असतात. एका बाजूला ग्राफाइट, दुसऱ्या बाजूला धातूचा ऑक्साइड, बहुधा कोबाल्टचा. मधल्या द्रवातून लिथियमचे भारित कण, म्हणजे आयन, ये-जा करतात. चार्जिंगला लावलं की ते ग्राफाइटच्या पापुद्र्यांत जाऊन बसतात, आणि गाणं लावलं की परत निघतात.

सातारा स्टँडवर स्वारगेटची गाडी लागते तेव्हा पहिल्या तीस जागा बघता बघता भरतात. शेवटच्या दहांना वेळ लागतो. कुणी पिशवी सरकवतो, कुणी खिडकी सोडत नाही, कुणी मागं जाऊन परत येतो. बॅटरीचं तसंच आहे. म्हणून प्लेयरच्या आतली चार्जिंगची चिप सुरुवातीला एकसारखा जोर लावून करंट ढकलते. दाब ४.२ व्होल्टवर पोचला की ती तो तिथंच धरून ठेवते आणि करंट हळूहळू कमी होऊ देते. करंट सुरुवातीच्या एक दशांशावर आला की चार्जिंग बंद, दिवा लालचा हिरवा. सत्तर-ऐंशी टक्के लवकर होतात आणि वरचे वीस रखडतात ते यामुळं. चार्जर खराब आहे असं समजून तो बदलायला धावू नका.

आकडे तीनच लक्षात ठेवा. पूर्ण भरलेली ४.२ व्होल्ट, सरासरी ३.७, आणि उतरलेली ३ च्या आसपास. बॅटरीवर छापलेलं ३.७ म्हणजे ही सरासरी.

दुसरा छापील आकडा एमएएचचा, म्हणजे मिलीअँपिअर-तासांचा. १,००० एमएएच म्हणजे १,००० मिलीअँपिअर एक तास, किंवा १०० मिलीअँपिअर दहा तास. छोट्या प्लेयरमध्ये बसणारी बीएल-५सी ही जुन्या नोकिया फोनची बॅटरी मूळ कंपनीची असेल तर १,०२० एमएएचची असते. प्लेयर १५० मिलीअँपिअर खात असेल तर हिशेबानं पावणेसात तास. आवाज वाढवला की खाणं वाढतं, आणि पावणेसाताचे चार व्हायला वेळ लागत नाही.

आयुष्य मोजतात ते फेऱ्यांत. पूर्ण भरली, पूर्ण उतरली, म्हणजे एक फेरी. आज अर्धी वापरून भरली आणि उद्या पुन्हा अर्धी वापरून भरली, तर दोन्ही मिळून एकच फेरी. म्हणजे जितक्या वेळा पिन खुपसली तितकं आयुष्य घटलं, असा हिशेब नाही. साधारण ३०० ते ५०० फेऱ्यांनंतर बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येते, आणि थोड्या-थोड्या वापरावर भरत राहिलं तर त्याहून जास्त चालते.

## मग रात्रभर लावून ठेवला तर?

"रात्रभर लावला तर भरभरून फुटेल" ही भीती बरीचशी अनाठायी आहे. प्लेयरच्या आत चार्जिंगची चिप असते, ती ४.२ ला थांबते. तिनं दगा दिला तर बॅटरीला चिकटवलेली नखाएवढी संरक्षक पट्टी थोड्या वरच्या दाबाला वाट तोडते. दोन राखणदार एकाच वेळी झोपले तरच अनर्थ.

पण फुटणं वेगळं आणि झिजणं वेगळं. गाडी दारापर्यंत खचाखच भरून तासन्‌तास उभी ठेवली तर सांधे कुरकुरणारच. ४.२ व्होल्टला ताटकळणाऱ्या बॅटरीत मधला द्रव हळूहळू बिघडतो. ४.२ ऐवजी ४.१ वर थांबलं तर बॅटरीच्या फेऱ्या साधारण दुप्पट होतात, असा या क्षेत्रातला ढोबळ हिशेब आहे. लॅपटॉप आणि नव्या फोनांत "८० टक्क्यांवर थांबवा" ही सोय दिली जाते ती याच कारणासाठी. साध्या प्लेयरमध्ये ती नसते, तेव्हा ते काम आपण करायचं. रोज घरात वाजवायचा असेल तर दिवा हिरवा व्हायची वाट न बघता काढला तरी चालतो. दुसऱ्या दिवशी वारीला किंवा प्रवासाला निघायचं असेल तर खुशाल पूर्ण भरा. एका रात्रीनं काही होत नाही. रोजच्या सवयीनं होतं.

उशाखाली किंवा गोधडीत गुंडाळून मात्र लावू नका. चार्जिंगची उष्णता बाहेर पडायला जागा हवी. आणि पाच-सहा तासांनीही दिवा बदलत नसेल, वर बॅटरी हाताला चटका लावत असेल, तर ती चिप तिचं काम करत नाही. तो प्लेयर पुन्हा लावू नका.

चार्जिंगला लावून वाजवलं तर? वाजतं. पण बॅटरी जास्त तापते, आणि स्वस्त चार्जरमुळं भजनामागं "हुंऽऽ" असा घरघर आवाज येतो. तो तबल्याचा दोष नव्हे.

## खरा शत्रू: ऊन

माझ्या मते चार्जिंगच्या सवयींवर जेवढी चर्चा होते, तिच्या चौथा हिस्साही उष्णतेवर होत नाही, आणि आपल्या भागात बॅटरी मारते ती उष्णताच. लिथियम-आयन नुसती ठेवून दिली, एकदाही वापरली नाही, तरी वर्षानं तिची किती क्षमता उरते याचे आकडे प्रसिद्ध आहेत. २५ अंशांत ४० टक्के भरून ठेवली तर सुमारे ९६ टक्के उरते, पूर्ण भरून ठेवली तर ८०. तेच ४० अंशांत ४० टक्के भरलेली ८५ वर येते, आणि पूर्ण भरलेली ६५ वर. म्हणजे तापमान आणि भरलेपण एकत्र आलं की वर्षात तिसरा हिस्सा गेला, तेही एकही गाणं न वाजवता.

आता सांगलीचा एप्रिल-मे डोळ्यांपुढं आणा. बाहेर पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त, आणि काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर साठीच्या पुढं. बेदाण्याचा हंगामही उन्हाळ्यातच असतो. स्पीकर सकाळपासून वाजतो, दुपारी चार्जिंगला लागतो, आणि लावतात कुठं? पत्र्यालगतच्या बोर्डावर, कारण सॉकेट तिथंच असतं. वरून पत्रा तापलेला, आतून चार्जिंगची ऊब, आणि बॅटरी १०० टक्के. एका हंगामात ती अर्ध्यावर आली तर कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही.

उपाय साधा आहे. चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा. दुपारी करावंच लागलं तर जमिनीलगत, सावलीत, वारं लागेल तिथं. ट्रॅक्टरवर प्लेयर बॉनेटजवळ बांधू नका, सीटखालच्या पेटीत ठेवा. आणि लिथियमची बॅटरी "उन्हात ठेवून चढते का बघू" हा प्रयोग चुकूनही नको.

थंडीचं काय, असं महाबळेश्वरकर विचारतील. वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तेव्हा उघड्यावर राहिलेला प्लेयर लवकर बंद पडतो, पण ते तात्पुरतं असतं. ऊब मिळाली की बॅटरी पूर्ववत होते. शून्याखाली गारठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावणं मात्र धोक्याचं, कारण लिथियम पापुद्र्यांत न शिरता ग्राफाइटवर धातू होऊन साचतं. तास-दीड तास घरात राहू द्या, मग लावा.

## ६५ वॅटचा चार्जर लावला तर प्लेयर जळेल का?

नाही. चार्जर करंट कोंबत नाही, उपकरण लागेल तेवढा ओढतं. जास्त दाब देण्याआधी फास्ट चार्जर उपकरणाशी बोलणी करतो. प्लेयरला ती भाषाच येत नाही, त्यामुळे चार्जर निमूटपणे ५ व्होल्टवर राहतो. भीती बाळगायची ती वॅटची नाही, तर हलक्या बनावट चार्जरची. त्यात घरातला २३० व्होल्टचा प्रवाह आणि बाहेर येणारे ५ व्होल्ट यांच्यात पुरेसं अंतर राखलेलं नसतं.

इथं एक गंमत सांगायलाच हवी, कारण दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात यावरून वाद होतात. नवा सी-टाईप पिनचा प्लेयर, फोनचा नवा चार्जर आणि दोन्ही टोकांना सी-टाईप असलेली वायर. लावलं, तर दिवाच लागत नाही. प्लेयर बिघडलेला नसतो. असा चार्जर समोरच्या उपकरणात ५.१ किलोओहमचे दोन इवलेसे रोध (रेझिस्टर) दिसल्याशिवाय वायरीत वीज सोडतच नाही. स्वस्त प्लेयर बनवणारे नेमके तेच वाचवतात. एका टोकाला जुनं रुंद यूएसबी असलेली वायर आणि जुना चार्जर लावा, दिवा लागेल.

## कपाटात ठेवलेला प्लेयर का मरतो?

वारी झाली, प्लेयर कपाटात गेला आणि पुढच्या आषाढात काढला तर ढिम्म. बंद असतानाही आतलं सर्किट थेंब-थेंब वीज पीत असतं. त्यात तो पूर्ण उतरवून ठेवला असेल, तर दाब २.५ व्होल्टच्याही बराच खाली जातो, ग्राफाइटमागचा तांब्याचा पत्रा द्रवात विरघळू लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथं साचून आतल्या आत शॉर्ट होतो. म्हणून निम्मा भरून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी थोडा चार्ज करा. बॅटरी काढता येत असेल तर काढून ठेवणं सगळ्यात उत्तम.

काही दुरुस्तीवाले मेलेल्या बॅटरीला थेट सप्लायचा झटका देऊन "उठवून" देतात. ती उठते हे खरं, पण आत काय झालंय ते दिसत नाही. अशी बॅटरी मी घरात झोपायच्या खोलीत ठेवणार नाही.

## ९९०० चा आकडा

स्पीकरमध्ये दंडगोल सेल असतो, त्याला १८६५० म्हणतात: १८ मिलिमीटर जाडी, ६५ लांबी. या आकारात नावाजलेल्या कंपन्यांची मजल ३५००-३६०० एमएएचच्या आसपास जाते. तरी बाजारात याच आकाराचे "९९०० एमएएच" छापलेले सेल राजरोस विकले जातात, आणि तेही अस्सलच्या निम्म्या किमतीत. ही शुद्ध लबाडी आहे. काही सेल जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं आवरण चढवलेले असतात. काही उघडले तर आत करंगळीएवढा सेल आणि भोवती भरलेली पावडर निघते.

दुकानात यंत्र नसलं तरी तराजू असतो. चांगला १८६५० सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. बत्तीस-पस्तीस भरला, तर आकडा काहीही असो, परत द्या. दुसरी खूण म्हणजे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची. लिथियम बॅटरीला आपल्याकडे आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे आणि बॅटरीवर "आर" अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं.

## फुगली हे कसं ओळखायचं?

चपट्या बॅटरीसाठी मोबाईलवाल्यांची जुनी युक्ती आहे. बॅटरी सपाट काचेवर ठेवायची आणि बोटानं फिरकी द्यायची. चांगली बॅटरी घासत अर्ध्या वळशात थांबते. फुगलेली मधल्या उंचवट्यावर भोवऱ्यासारखी गरगरते. डोळ्यांना दिसत नाही इतकी सूजही यातून कळते. झाकण बसेनासं होणं ही पुढची पायरी.

द्रव बिघडून त्याचा वायू होतो, म्हणून बॅटरी फुगते. ती दाबू नका, टाचणीनं हवा काढू नका, पुन्हा चार्ज करू नका. पत्र्याच्या डब्यात, जळण्याजोग्या वस्तूंपासून लांब ठेवा. चार्जिंगला असताना धूर दिसला तर आधी बोर्डाचं बटण बंद. मग भरपूर पाणी ओतून थंड करायला हरकत नाही. या बॅटरीत लिथियम सुट्ट्या धातूच्या रूपात जवळपास नसतं.

नामांकित कंपनीची असली की निर्धास्त, असंही नाही. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानं याच बीएल-५सीबद्दल जगभर इशारा दिला होता. मात्सुशिता कंपनीनं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला असताना शॉर्ट होऊन तापण्याची शक्यता होती. त्या बदलून दिल्या गेल्या. नामांकित असण्याचा फायदा तो: चूक झाली तर कुणीतरी दार उघडतं.

कृष्णेच्या पुराचा किंवा वारीतल्या पावसाचा मार बसलेल्या प्लेयरबद्दल एकच सांगतो. ओल्या पिनेत चार्जर खुपसला की तासाभरात पिनेवर हिरवट गंज चढतो. दोन-तीन दिवस वाळू द्या. बॅटरीतच पुराचं पाणी गेलं असेल तर ती टाकायचीच.

## दोनशे रुपयांच्या बॅटरीसाठी एवढा व्याप कशाला?

आक्षेप रास्त आहे, आणि झाकण उघडून बॅटरी बदलता येत असेल तर मी तुमच्याच बाजूनं आहे. ऊन आणि फुगणं एवढं सांभाळा, बाकी मजेत वाजवा. बसली की दुसरी घाला.

व्याप करायचा तो बंद डब्यांसाठी. २००१ साली आलेल्या आयपॉडपासून बॅटरी आत चिकटवून टाकायची रीत रुळली. इअरबड्समध्ये तर ४०-५० एमएएचची इवलीशी बॅटरी, आणि डबीत ठेवली की ती कायम १०० टक्क्यांवर. बॅटरी बसली की अख्खी वस्तू कचऱ्यात. युरोपीय संघानं यावर कायदा केला आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथं विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे तसं बंधन येईपर्यंत खरेदीच्या वेळी प्लेयर उलटा करून मागं झाकण आहे का ते बघा. दिसायला गोंडस पण बंद डबा आणि ओबडधोबड पण झाकणवाला, यांत मी दुसरा घेतो.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा ती चेपून पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती बाकी कचऱ्यापासून वेगळी देणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे, आणि गोळा करून तिची वासलात लावणं ही उत्पादकाची. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि नवी बॅटरी घेतानाच जुनी दुकानदाराच्या हातात द्या. तो कुरकुरला तरी.